आजीची वज्री काचेच्या कपाटात

सहल म्हटली की आपल्याला आधी देवदर्शन आठवतं. आज आपण एका वेगळ्या सहलीबद्दल बोलूया. सासूबाई, मुलं, घरधनी अशा सगळ्यांनी मिळून पुण्यात एक दिवस काढायचा. कला पाहायची, इतिहास समजून घ्यायचा आणि एक वेळ आयत्या ताटावर बसायचं.

सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरा. तिथून महात्मा फुले वाडा रिक्षाने जवळ आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई इथे राहत. १८४८ साली त्यांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८६८ साली आपल्या घरचा हौद, ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांच्यासाठी खुला केला. डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बाईला या गोष्टीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मुलांना तिथे उभं राहूनच सांगा, की आई सही करते, गटाचा हिशोब लिहिते, त्याची सुरुवात अशा घरातून झाली.

मग शुक्रवार पेठेत चला, राजा दिनकर केळकर संग्रहालयात. दिनकर गंगाधर केळकर यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. जुने वाडे, गावं, बाजार पालथे घालून त्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाईंचीही साथ होती. १९७५ साली हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. वस्तू २०,००० च्या आसपास आहेत. मांडून ठेवलेल्या त्यातल्या थोड्याच, तरी त्या बघताना दोन-तीन तास सहज जातात.

तुम्ही म्हणाल, संग्रहालयात राजांच्या तलवारी असणार, आपलं तिथे काय? तर तिथे अडकित्ते आहेत, घोड्याच्या, पक्ष्याच्या, माणसांच्या आकाराचे. पाय घासायच्या वज्री आहेत. दिवे आहेत, कुंकवाचे करंडे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, वाड्यांचे कोरीव दरवाजे आहेत. कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून त्याचे भाग इथे पुन्हा उभे केले आहेत. मस्तानी महाल आणि पाय घासायची वज्री एकाच छताखाली, एकाच मानाने ठेवलेली आहेत. वज्रीने तर पायच घासायचे, मग तिच्यावर पक्षी कशाला? कारण रोज हातात येणारी वस्तू देखणी असावी, असं घडवणाऱ्याला वाटलं. वापरणारीलाही वाटलं. यालाच कला म्हणतात.

एक गोष्ट मात्र तिथे सापडत नाही. पाटीवर वस्तूचं नाव असतं, गाव असतं, काळ असतो. तो अडकित्ता कुणाच्या कमरेच्या पिशवीत होता, त्या करंड्यातलं कुंकू कोण लावत होती, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. ते सांगणारं माणूस वस्तूच्या आधीच गेलेलं असतं. म्हणून आजीला बरोबर न्या. मुलांना काम द्या: ओळखीच्या तीन वस्तू शोधायच्या आणि आजीला विचारायचं, याला आपल्याकडे काय म्हणतात, हे कसं वापरायचं. घरात एरवी गप्प बसणारी आजी इथे गुरुजी होते. माडीवरच्या दालनांना जिने आहेत, तेव्हा तिला घाई करू नका.

आता जेवण. पुण्यात थालीपीठ, पिठलं-भाकरी पैसे देऊन लोक आवडीने खातात. आपण घरी करतो तेच, म्हणून तोंड वाकडं करू नका. थालीपीठाची भाजणी बघा. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. हे कुणी पुस्तकातून शिकलं नाही. आणि मिरचीचा ठेचा? मिरची पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती. म्हणजे ताटातही इतिहास वाढलेला असतो. शेवटी मुलांना मस्तानी द्या, दाट दूध आणि आइस्क्रीमचं पेय. महाल पाहिलेलाच आहे, नाव पक्कं लक्षात राहील.

निघण्याआधी एवढं करा. संग्रहालयाची वेळ, सुट्टी आणि तिकीट फोनवर विचारून घ्या. गटाने जायचं ठरलं तर दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढा. पाण्याच्या बाटल्या आणि आजीची औषधं जवळ ठेवा. जेवणाचा डबा मात्र नेऊ नका. त्या दिवशी घरच्या बाईलाही पहाटे उठून भाकऱ्या थापण्यापासून सुट्टी हवी.

आणि घरी आल्यावर माळ्यावर चढा. दारावर मोडवाला येतो, जुनं पितळ वजनावर घेतो. काट्यावर नक्षीला वजन नसतं, आठवणीला तर नसतंच. विकायची गरज पडली तर विका, अडचण कुणाला चुकली आहे? पण त्याआधी वहीत लिहून ठेवा: वस्तूचं नाव, ती कुणाची, कुठून आली, कशाला वापरायची. मुलीकडून शेजारी चित्र काढून घ्या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक जुनी वस्तू आणि ती वही घेऊन या. पाटीवर जे नाव राहून जातं, ते आपल्या वहीत असू द्या.