परीक्षा झाली, नागरिकत्व अजून नाही

अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस त्या दिवशी घरी परततो तो बहुधा भारतीय नागरिक म्हणूनच. बडोद्यात दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात फोन वाजतो, ‘सिटिझनशिप मिळाली’ असे कळते, संध्याकाळी पेढे वाटले जातात. कायद्याच्या हिशेबाने मात्र तोवर काही मिळालेले नसते आणि काही गेलेलेही नसते. मिळणे आणि जाणे, दोन्ही पुढे एका ठरावीक दिवशी, शपथ घेण्याच्या क्षणी होते. गायकवाडी काळापासून बडोद्यात रुजलेल्या मराठी कुटुंबांत आज परदेशी स्थायिक झालेले कोणी ना कोणी असते आणि या विषयातले बहुतेक गैरसमज हा एक क्षण नीट न ओळखल्यामुळे होतात.

परीक्षा म्हणजे वर्गात बसून सोडवायचा पेपर, अशी समजूत असते. अमेरिकेत ती मुलाखतीचाच भाग आहे. अधिकारी समोर बसून अर्जातली माहिती पडताळतो, इंग्रजीतले एखादे वाक्य वाचायला आणि एखादे लिहायला सांगतो, आणि देशाचा इतिहास व राज्यव्यवस्था यांवरचे प्रश्न तोंडी विचारतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी प्रश्नांची यादी १२८ ची आहे. त्यांतले जास्तीत जास्त २० विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात. त्याआधी अर्ज केलेल्यांना १०० प्रश्नांच्या जुन्या यादीतले १० विचारतात, ६ बरोबर आले की पुरे. मुलाखत संपताना हातात एक कागद पडतो, एन-६५२. त्यावर परीक्षेचा निकाल असतो आणि अर्ज मंजुरीसाठी शिफारस केला आहे की निर्णय अजून व्हायचा आहे, याची खूण असते. ‘शिफारस’ हा शब्द तिथे जाणूनबुजून वापरलेला आहे. तो मंजुरीचा हुकूम नव्हे.

नापास झाल्यास ग्रीन कार्ड जाते आणि देश सोडावा लागतो, या भीतीने कित्येक ज्येष्ठ वर्षानुवर्षे अर्जच करत नाहीत. प्रत्यक्षात जो भाग जमला नाही तेवढ्याचीच फेरपरीक्षा ६० ते ९० दिवसांत होते. तीही हुकली तर अर्ज नामंजूर होतो, पण तेवढ्याने ग्रीन कार्डाला धक्का लागत नाही आणि नव्याने अर्ज करता येतो. नामंजुरी चुकीची वाटली तर ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते. मुलांकडे जाऊन स्थायिक झालेल्या आईवडिलांसाठी आणखी एक सवलत आहे, तिची माहिती फार थोड्यांना असते. वय ५० आणि ग्रीन कार्डावर वास्तव्य २० वर्षे, किंवा वय ५५ आणि वास्तव्य १५ वर्षे असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ होते. राज्यव्यवस्थेचे प्रश्न दुभाष्याच्या मदतीने चक्क मराठीत देता येतात. वय ६५ आणि वास्तव्य २० वर्षे असेल, तर अभ्यासाला फक्त २० प्रश्नांची यादी असते. त्यातले १० विचारतात आणि ६ यावे लागतात. आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांचे राहून गेले, असे म्हणण्याआधी ही वर्षे मोजून पाहावीत.

परीक्षा आणि शपथ यांच्यामधला काळ काही ठिकाणी काही तासांचा असतो, म्हणजे त्याच दिवशी दुपारी शपथ होते. इतरत्र काही आठवडे, कधी महिने लागतात. मुलाखतीनंतर १२० दिवस उलटूनही निर्णय आला नाही तर अर्जदाराला जिल्हा पातळीवरच्या संघीय न्यायालयात जाता येते. या मधल्या काळातला सर्वांत घातक गैरसमज मतदानाचा आहे. ‘पास झालो, आता मत द्यायला हरकत नाही’ असे समजून कोणी मतदार म्हणून नाव नोंदवले, तर तो नागरिक असल्याचा खोटा दावा ठरतो. त्यापायी अर्ज तर जातोच, देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. परीक्षेत नापास झाल्याने जे होत नाही, ते या एका सहीने होऊ शकते.

शपथविधीचे बोलावणे एन-४४५ या कागदावर येते. त्यावर काही प्रश्न छापलेले असतात: मुलाखतीनंतर परदेशी गेला होता का, लग्न किंवा घटस्फोट झाला का, अटक किंवा दंड झाला का. उत्तरे शपथेच्या दिवशीच भरायची असतात, कारण त्या दिवसापर्यंतची परिस्थिती पाहिली जाते. सभागृहाच्या दाराशी टेबल असते. तिथे हा कागद तपासला जातो आणि ग्रीन कार्ड परत घेतले जाते. मग सगळे उजवा हात वर करून शपथ घेतात. बाहेर पडताना प्रमाणपत्र मिळते. ते लगेच फायलीत न ठेवता जागेवरच एकेक अक्षर तपासायचे असते. मराठी नावाचा घोळ इथेच होतो: मधले नाव वडिलांचे की पतीचे, आडनाव माहेरचे की सासरचे, शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टावर दुसरे. या प्रमाणपत्रावरचे नावच पुढे अमेरिकन पासपोर्टावर आणि भारतीय कागदांवर जाते. नाव बदलायचे असेल तर ते मुलाखतीतच सांगावे लागते; अशा अर्जदाराची शपथ न्यायालयात होते, म्हणून तारीख थोडी लांबूही शकते.

याच क्षणी भारताच्या बाजूने जे घडते त्याचा उल्लेख त्या सभागृहात कोणी करत नाही. अमेरिका दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मागून घेत नाही, तेव्हा दोन्ही ठेवता येतात, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. पण एका देशाने परवानगी दिल्याने दुसऱ्याचा कायदा बदलत नाही. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी अर्ज लागत नाही, पासपोर्ट परत करावा लागत नाही, कुणाचा हुकूमही निघावा लागत नाही. परदेशाचा पासपोर्ट घेणे हा नियमांनुसार नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझहार अहमद खान खटल्यात वैध ठरवली आहे. तेव्हा ‘पासपोर्टाची मुदत अजून सहा वर्षे आहे, तोवर मी भारतीयच’ हे म्हणणे टिकत नाही. मुदत त्या पुस्तिकेची असते, नागरिकत्वाची नसते.

भारतीय पासपोर्ट त्यानंतर जमा करावाच लागतो. तो वापरून प्रवास करणे पासपोर्ट कायदा, १९६७ नुसार गुन्हा आहे. अमेरिकेत हे काम भारतीय वकिलातीच्या वतीने अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रामार्फत होते. पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो, सोबत सरेंडर सर्टिफिकेट येते आणि पुढच्या प्रत्येक भारतीय कागदासाठी ते लागते. रद्द पासपोर्ट फेकून देऊ नये. बडोद्यात जन्मलेल्यांच्या बाबतीत एक लहानशी पण वेळ खाणारी अडचण येते. शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झाले, म्हणून जुन्या पासपोर्टावर जन्मस्थान ‘बडोदा’ आणि नव्या दाखल्यावर ‘वडोदरा’ असते. गाव एकच, पण सगळ्या अर्जांत एकच रूप लिहिलेले बरे.

शपथेनंतरचे काही आठवडे प्रवासाच्या दृष्टीने रिकामे असतात. ग्रीन कार्ड परत गेले आहे, भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही आणि अमेरिकन पासपोर्ट अजून आलेला नाही. दिवाळीला बडोद्याला यायची तिकिटे आधीच काढून ठेवणारे इथेच अडकतात. नव्या पासपोर्टाच्या अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र पाठवावे लागते; ते नंतर परत येते. पासपोर्ट आला तरी भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड लागतेच. घरी कोणी अत्यवस्थ असेल तर दोन्हीकडे तातडीची सोय आहे, पण तिलाही कागद आणि वेळ लागतो. घरी वृद्ध आईवडील असतील, तर शपथेची तारीख पाहूनच प्रवास ठरवावा.

‘ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व’ हा समज त्या नावानेच पसरवला. ‘ओव्हरसीज सिटिझन’ या शब्दांत नागरिक आहे, कायद्यात नाही. २००५ मध्ये सुरू झालेली ही योजना आजन्म, कितीही वेळा येण्याजाण्याचा व्हिसा देते. भारतात कितीही काळ राहिले तरी परदेशी नागरिक म्हणून पोलिसांत नोंद करावी लागत नाही आणि चांपानेर-पावागडसारख्या स्थळी तिकीट भारतीयांच्याच दराने मिळते. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार आणि गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते; वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत त्या अधिसूचनेनंतर ओसीआय झालेले विद्यार्थी अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांसाठीच पात्र असतात. बडोद्याच्या मतदारयादीत नाव राहून गेले असेल तर ते आपणहून कमी करून घ्यावे. यादीत नाव आहे म्हणून मताचा हक्क राहत नाही.

घर आणि जमीन यांविषयी भीती जास्त आणि माहिती कमी असते. नागरिकत्व गेले म्हणून वडिलोपार्जित घर जात नाही. ओसीआयधारक बडोद्यात फ्लॅट किंवा दुकान विकतही घेऊ शकतो. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. गुजरातमध्ये तर मुळातच खातेदार शेतकरी असल्याशिवाय भारतीय नागरिकालाही शेतजमीन घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते: पादरा किंवा डभोई तालुक्यातल्या वडिलांच्या शेतात वारसाईची नोंद अमेरिकन नागरिक झालेल्या मुलाच्या नावे होऊ शकते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. बँकेतले साधे बचत खाते मुळात परदेशी स्थायिक झाले तेव्हाच अनिवासी खात्यात बदलायला हवे होते. त्याचा संबंध वास्तव्याशी आहे, नागरिकत्वाशी नाही.

करांचेही असेच आहे. नागरिक झाल्यावर बडोद्याच्या फ्लॅटच्या भाड्यावर अमेरिकेत कर लागेल, म्हणून काही जण शपथ टाळतात. ग्रीन कार्डधारकाला हे उत्पन्न आधीपासूनच दाखवावे लागते. खरा फरक निवृत्तीनंतर पडतो: अमेरिकन नागरिक कायमचा बडोद्यात येऊन राहिला, तरी त्याला दरवर्षी अमेरिकेत विवरण भरत राहावे लागते.

एकाने शपथ घेतली की सगळे कुटुंब नागरिक होते, हे अर्धेच खरे आहे. १८ वर्षांखालचे मूल ग्रीन कार्डावर असेल आणि त्या आईकडे किंवा वडिलांकडे राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होते. नियम २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. जोडीदार होत नाही, त्याला स्वतःचा अर्ज आणि स्वतःची परीक्षा असते. बडोद्यातल्या आईवडिलांसाठी २१ वर्षांवरील नागरिक मुलगा किंवा मुलगी अर्ज करू शकते आणि त्यांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. भावंडांसाठी अर्ज करता येतो, पण भारतीयांची ती रांग सुमारे दोन दशकांची आहे.

इतर देशांतही परीक्षेने नागरिकत्व मिळत नाही. कॅनडात २० पैकी १५ उत्तरे बरोबर लागतात, ब्रिटनमध्ये २४ पैकी १८. ऑस्ट्रेलियात २० पैकी १५ लागतात आणि त्यात मूल्यांवरचे पाचही प्रश्न अचूक यावे लागतात. एरवी मार्ग तोच: निर्णय, मग समारंभ, मग प्रमाणपत्र. कलम ९ या सर्वांना सारखेच लागू होते.

भारतात नागरिकत्वासाठी लेखी परीक्षाच नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. देशीयकरणासाठी आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीचे पुरेसे ज्ञान लागते आणि अर्ज मंजूर झाल्यास मूळ देशाचे नागरिकत्व सोडण्याची हमी द्यावी लागते. त्यानंतर निष्ठेची शपथ आणि मग प्रमाणपत्र. २८ मे २०२१ च्या केंद्रीय आदेशाने ज्या १३ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती स्थलांतरितांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यांत बडोदा आहे.

गेलेले भारतीय नागरिकत्व परत मिळत नाही, हा समजही खरा नाही. पाच वर्षे ओसीआय असलेली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेली प्रौढ व्यक्ती नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणीसाठी अर्ज करू शकते. मंजुरी मिळाली तर परदेशी नागरिकत्व सोडावे लागते. बडोद्यात राहायला परतलेल्याचा असा अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत जातो. त्यासाठी परीक्षा नाही, शपथ मात्र घ्यावी लागते.