आडनाव बदलते, संघ बदलत नाही

कोल्हापुरात नव्या माणसाशी ओळख होताना आधी नाव विचारतात, मग गाव आणि गाव कोल्हापूरच निघाले तर तिसरा प्रश्न ठरलेला असतो : 'पेठ कुठली?' उत्तर 'शिवाजी पेठ' किंवा 'मंगळवार पेठ' असे आले, की विचारणाऱ्याला पुढचे बरेचसे आपोआप कळते. हा कोणत्या तालमीचा, याचा गणपती कोणत्या मंडळाचा आणि मुख्य म्हणजे शाहू स्टेडियमवर हा कोणासाठी घसा बसेपर्यंत ओरडणार. उरलेल्या महाराष्ट्रात 'आज मॅच कुणाची?' म्हटले, की क्रिकेट डोळ्यांसमोर येते. या शहरात फुटबॉलचा मोसम सुरू असेल, तर त्याचा अर्थ एकच असतो.

कुस्तीच्या या गावात फुटबॉल इतका रुजला कसा, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. पण तो रुजला तो कुस्तीच्याच मातीत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागचे मैदान बांधले, पेठापेठांतल्या तालमी नांदत्या ठेवल्या. तालीम म्हणजे नुसता तांबड्या मातीचा हौदा नव्हे. तिथे जोर-बैठका होत, तिथेच पेठेतली भांडणे मिटत, तिथूनच गणपती निघे. पुढे याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल हाती, नव्हे पायी घेतला. म्हणून तर इथल्या संघांची नावे क्लबसारखी वाटत नाहीत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. जोडीला प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'केएसए', या साऱ्यांची लीग भरवते आणि सामन्याच्या दिवशी अख्खी पेठ उठून मैदानाकडे निघते.

अशा पेठेत जन्मलेल्या मुलाला संघ निवडावा लागत नाही. आजोबा ज्या तालमीच्या कट्ट्यावर बसत, वडील ज्या तालमीच्या मिरवणुकीत नाचले, तोच त्याचा संघ. आडनावासारखा तो जन्मासोबतच येतो. चालता येऊ लागल्यावर बाप त्याला खांद्यावर बसवून स्टेडियमवर नेतो. ऑफसाइड म्हणजे काय ते कळायच्या आधी त्याला 'आपले' आणि 'त्यांचे' कळते. एरवी बापलेकांत बोलायला विषय तरी किती असतात? अभ्यास, मार्क आणि पैसे. तिन्हींत बाप विचारणार आणि पोरगा मान खाली घालून उत्तर देणार. मॅचवरून परतताना मात्र दोघे बरोबरीचे होतात. 'त्यानं पास द्यायला पाहिजे होता' असे पोरगा म्हणतो आणि बापाला ते पटते. वाढत्या वयाच्या मुलाशी बोलण्याची ही एक वाट कित्येक घरांत शेवटपर्यंत उघडी राहिली आहे.

याच वाटेवर मुलाला आणखी एक गोष्ट भेटते. ती म्हणजे पराभव. मोडलेले खेळणे बाप पुन्हा आणून देऊ शकतो. पण टायब्रेकरमध्ये हरलेली फायनल त्याला परत आणून देता येत नाही. त्या संध्याकाळी मूल मैदानाकडे कमी आणि बापाच्या तोंडाकडे जास्त पाहत असते. बाप घरी येऊन भांडी आपटतो, रेफ्रीचा उद्धार करतो, की 'चांगलं खेळले ते आज' म्हणून मुकाट्याने जेवायला बसतो? हरल्यावर कसे वागायचे, याचा हा पहिला धडा. तो कोणत्याही पुस्तकात नाही आणि बहुतेक मुले तो आयुष्यभर विसरत नाहीत.

आता घरातल्या मुलीचे पाहू. तीही याच घोषणा ऐकत मोठी झालेली असते. भावाच्या जर्सीवरचा चिखल तिने धुतलेला असतो, कोणी किती गोल मारले ते तिला तोंडपाठ असते. तालमीच्या कट्ट्यावर मात्र तिला जागा नसते. मग तिचे लग्न ठरते. पुष्कळदा ते गावातल्या गावातच, एका पेठेतून दुसऱ्या पेठेत. पत्रिका जुळते, देणेघेणे ठरते, मानपान ठरतो. संघाचे कोणी विचारत नाही. तिचे आडनाव बदलते, देव्हाऱ्यातला कुलदैवताचा टाक बदलतो. संघही बदलला असे सगळे धरून चालतात, आणि नेमकी इथेच गफलत होते.

पहिल्याच मोसमात माहेर आणि सासर समोरासमोर येतात. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला दीर. गोल कोणीही केला तरी तिच्या अर्ध्या घरात सुतक. ती टाळी वाजवत नाही, हळहळतही नाही, स्वयंपाकघरात जाऊन रश्शाला उकळी आली का ते पाहते. संध्याकाळी भाऊ मुद्दाम बहिणीच्या घरी येतो. 'काय दाजी, आज आवाज नाही आला?' एवढेच विचारतो. दाजीही कच्चे नसतात. गेल्या वर्षीचा निकाल ते तारखेसह काढतात. तांबडा-पांढरा दोघांच्याही ताटात पडतो. भांडण कोणत्या टप्प्यावर थट्टेतून खऱ्यावर येईल, याचा अंदाज त्या घरात फक्त तिला असतो आणि त्या टप्प्याच्या जरा आधी ती भाकरी वाढायला येते. केएसएच्या कोणत्याही वहीत या रेफ्रीची नोंद नसते.

पुढे मूल झाले, की खरा सामना सुरू होतो. बापाची तालीम एक, मामाची दुसरी. भाच्याचे लाड करणे हा मामाचा हक्कच, त्यामुळे वाढदिवसाला तो आपल्या संघाच्या रंगाची जर्सी घेऊन येतो. ती घालायची की नाही, यावर घरात जी चर्चा होते तशी मुलाच्या शाळाप्रवेशावरही होत नसेल. बहुधा तोडगा निघतो : आजोळी ती, घरी ही. वरवर पाहता हसण्यासारखी गोष्ट. पण दोन बाजूंच्या माणसांवर एकाच वेळी प्रेम करता येते, हे त्या पोराला इतक्या लहान वयात दुसरे कोण शिकवणार होते?

असाच पेच कोलकात्यात याहून फार मोठ्या प्रमाणावर घराघरांत आहे. मोहन बागान 1889 चा क्लब. 1911 मध्ये त्याच्या बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा तो नुसता क्लब राहिला नाही. ईस्ट बंगाल 1920 मध्ये स्थापन झाला. 1947 च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून जी कुटुंबे घरदार सोडून आली, त्यांच्याजवळ मागे राहिलेल्या मुलखाचे म्हणावे असे फारसे काही उरले नव्हते. उरले होते ते बोलीतले हेल, हिल्सा माशाची चव आणि या क्लबचे नाव. ज्या नातवाने ढाका किंवा बरिसाल कधी पाहिले नाही, त्याला आजोबांचे गाव लाल-सोनेरी जर्सीतून मिळाले. तिकडे मूळच्या पश्चिम बंगालचे ते 'घोटी', पूर्वेकडून आलेले ते 'बांगाल'. घोटी जिंकले की घरी कोळंबी, बांगाल जिंकले की हिल्सा. आणि घोटी मुलगी बांगाल घरात पडली, की तिची गत आपल्या कोल्हापूरच्या वहिनींसारखीच.

पण या निष्ठेची दुसरी बाजूही कोलकात्यानेच पाहिली आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली आणि 16 जण मेले. मॅच पाहून येतो म्हणून घरून निघालेली ती माणसे. कोणत्या संघाची किती, हा प्रश्न त्या रात्री त्यांच्या घरच्यांपुढे नव्हता.

कोल्हापूरने एवढा मोठा घाव सोसलेला नाही, पण हाणामाऱ्या, दगडफेक आणि पोलिसांच्या लाठ्या शाहू स्टेडियमलाही नव्या नाहीत. घोषणांत आईबहिणीचा उद्धार होतो, मग एक दगड येतो, आणि त्यानंतर पेठेतली पोरे पोलीस ठाण्याच्या बाकावर दिसतात. घरी आई दाराशी उभी असते. विशीतल्या पोरावर गुन्हा नोंदला गेला, की पुढे नोकरीसाठी चारित्र्याची पडताळणी होते तेव्हा तो कागद आडवा येतो. ज्या संघासाठी हे केले, त्यात आता कधी कधी बाहेरून, अगदी नायजेरियातून मोलाने आणलेले खेळाडूही असतात. ते पुढच्या मोसमात दुसरीकडे खेळतील. दगड मारणारा आणि ज्याला तो लागला तो, दोघे मात्र त्याच गावात राहणार, एकाच मंडईत भाजी घेणार आणि कदाचित उद्या एकमेकांचे व्याही होणार.

याच शहरातून अनिकेत जाधव नावाचा मुलगा निघाला आणि 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या संघातून खेळला. त्या दिवसांत त्याची पेठ कुठली, हे कोणी भांडून विचारले नाही. तो 'आपला' होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा तालमी-मंडळांची पोरे पूरग्रस्तांसाठी धावली. पाण्यात अडकलेल्याला कोणी तालीम विचारली नाही. कोलकात्यातही 18 ऑगस्ट 2024 रोजी दोन्ही संघांचा सामना बंदोबस्ताच्या कारणाने रद्द झाला, तेव्हा त्याच संध्याकाळी सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर दोन्ही क्लबांचे समर्थक एकत्र उभे राहिले. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरला न्याय मिळावा, ही त्यांची मागणी होती. मोहन बागानचा पोरगा ईस्ट बंगालच्या पोराच्या खांद्यावर बसून घोषणा देतो आहे, हे दृश्य त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

म्हणजे हे करता येते. आपली बाजू न सोडता दुसऱ्या बाजूचा हात धरता येतो. घराघरांतल्या बायका ते पहिल्यापासून करत आल्या आहेत, कारण त्यांना दोन्हीकडची माणसे हवी होती. संघाचे प्रेम मुलाला जरूर द्यावे. त्यातून त्याला माणसे मिळतात, गाव मिळते, बापाशी बोलायला विषय मिळतो. पण प्रेमासोबत समोरच्याचा द्वेषही द्यायचा की नाही, हे मात्र मॅच संपल्यावर, घरी परतताना, बापाने तोंड उघडण्याआधी ठरवायचे असते.