विंडोज ११ केलं आणि बॅटरी टिकेना!

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी लॅपटॉपवर विंडोज ११ घेतलं. शाळा उघडली आणि परळच्या वर्गात दुसऱ्याच तासाला बॅटरी संपली! आधी तीन तास सहज चालायची. एका पालकांचंही तेच झालं. ते नवी बॅटरी आणायला लॅमिंग्टन रोडला निघालेच होते. म्हटलं, जरा थांबा.

अपग्रेडने बॅटरीची क्षमता घटत नाही, खर्च वाढतो. नवी सिस्टीम फायलींची सूची पुन्हा तयार करते, अपडेट उतरवते. हे काम एक-दोन दिवस मागे चालू राहतं. तेव्हा चार्जर लावून ते होऊ द्यावं. मग सेटिंग्जमध्ये कोणतं अ‍ॅप किती बॅटरी खातंय ते पाहावं.

तरी फरक नाही? कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’. जी फाइल तयार होते तिच्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे मूळ क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची क्षमता मिळते. माझे आकडे ४१,००० आणि ३४,४४०. शेकडेवारी मुलांकडूनच काढून घेतली: ८४ टक्के. त्या पालकांची आली ४६! म्हणजे बॅटरी आधीच थकलेली, अपग्रेडचं फक्त निमित्त.

(लॅपटॉप खालून फुगलेला दिसला तर मात्र हिशेब करत बसू नका. बंद करा, चार्जर काढा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा.)

ते लॅमिंग्टन रोडला गेले. मी सारखं फोटो चढवत बसलेलं एक अ‍ॅप बंद केलं.