कामसूपणा मोजायचा कसा?

‘हाती घेतलेलं काम मी वेळेत पुरं करतो.’ पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच पर्याय, त्यातल्या एकावर खूण करायची. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांत अशा धर्तीची विधानं असतात आणि उत्तरांच्या बेरजेवरून माणसाची कर्तव्यदक्षता ठरते. पुण्यातला बँक कर्मचारी इथे चटकन खूण करील. भोर तालुक्यातल्या भोंगवलीचा शेतकरी मात्र विचारील, कुठलं काम? पेरणीची वेळ पाऊस ठरवतो, भिजवणीची शेतीपंपाची वीज, आणि काढणीला मजूर मिळतील तेव्हा खरे.

म्हणून चाचणी टाकाऊ ठरत नाही. तिच्यामागे मोठा खटाटोप आहे. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी अशा शब्दांची छाननी केली, तेव्हा पाच मोठे गट हाती आले. कर्तव्यदक्षता हा त्यांतला एक. कोस्टा आणि मॅक्रे यांच्या १९९२ च्या २४० विधानांच्या चाचणीत तिचे सहा पैलू आहेत: स्वतःच्या कुवतीवरचा भरवसा, टापटीप, कर्तव्याची जाण, यशाची आस, स्वयंशिस्त आणि आगापिछा पाहून वागणं. ही चाचणी मराठीतही आली. लोधी, देव आणि बेल्हेकर यांचा त्यावरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाच घटकांचा साचा मराठी उत्तरांतही उमटला.

या गुणाचा पल्ला थक्क करणारा आहे. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे दीड हजार हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला. आईवडील आणि शिक्षकांनी त्या मुलांच्या स्वभावाला गुण दिले होते. हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्या नोंदींशी मृत्यूच्या नोंदी ताडून पाहिल्या. लहानपणी जबाबदार ठरलेली मुलं सरासरीने जास्त जगली होती.

अडचण वेगळीच आहे. डेअरीत दुधाचं फॅट यंत्र सांगतं, दूध घालणाऱ्याला कुणी विचारत नाही. इथे बहुतेक वेळा ज्याचं मोजायचं त्यालाच विचारतात! दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याला ‘मी चालढकल करतो’ असं कोण सांगेल? शिवाय पाहुण्याचा मान राखायचा म्हणून प्रत्येक विधानाला ‘हो’ म्हणणारेही असतात. यावर उपाय म्हणून उलटी विधानं पेरतात. ‘मी नेटका आहे’ आणि ‘माझा पसारा असतो’ या दोन्हींना हो म्हणणारा लगेच सापडतो.

तरी गाडी अडतेच. २०१९ मध्ये लजाज आणि सहकाऱ्यांनी २३ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ९४ हजारांहून अधिक लोकांची समोरासमोर घेतलेली उत्तरं तपासली. पाच गटांचा साचा त्यांत धड बसेना. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती आणि शिकार करणाऱ्या समाजात तर २०१३ च्या अभ्यासात पाचाऐवजी दोनच गट दिसले, मिळूनमिसळून वागणं आणि कष्टाळूपणा.

मग वर्तनच का मोजू नये? बचत गटाच्या वहीत हप्ता भरल्याच्या तारखा असतातच. पण हप्ता चुकला तो आळसाने की दुधाचं बिल थकल्याने, हे वहीत नसतं; ते गटातल्या इतर बायकांना ठाऊक असतं, आणि प्रश्नावली सहसा त्यांच्यापर्यंत जात नाही.