यंत्र विहीर शोधते

विभक्तीच्या प्रत्ययांनी शाळेत कुणाला रडवले नाही? तेच प्रत्यय आता संगणकालाही रडवतात, हे ऐकून वाचकांना थोडे समाधान वाटेल!

आमच्या सासरच्या वाड्यातील विहीर बुजवावी, असे घरात घाटत होते. तिच्यावर शेजाऱ्यांचाही पाण्याचा हक्क आहे, असे सासूबाई सांगत, पण पुरावा? मामंजींची सारी जुनी पत्रे भावोजींनी संगणकात उतरवून ठेवलेली होती. त्यांनी 'विहीर' हा शब्द घालून शोध घेतला. उत्तर आले, एकही पत्र नाही! पत्रांत होते 'विहिरीवर', 'विहिरीचे'. दीर्घ 'ही' ऱ्हस्व झाली, की नुसती अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी तो शब्दच निराळा.

यावर उपाय म्हणजे शब्दाचे शेपूट छाटून मूळ काढणे. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली असे नियम प्रसिद्ध केले. मराठीत मात्र 'ला' दिसला की छाट, असा हुकूम दिला तर मसाल्याचा 'मसा' होतो, आणि 'त' छाटला तर भाताचा 'भा'! यंत्राला सामान्यरूपही शिकवावे लागते.

बरे, शब्द सापडला तरी शंभर पत्रांतले आधी कोणते दाखवायचे? केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स या विदुषीने १९७२ साली सांगितले, की जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याचे वजन अधिक धरावे. 'आहे' सगळीकडेच असतो, 'रहाट' क्वचित. मला ही युक्ती फार आवडते. बाजारातली पारख ती हीच.

अलीकडची यंत्रे याही पुढे गेली आहेत. शब्द कोणाच्या संगतीत वावरतो ते लक्षावधी वाक्यांतून पाहून ती त्याचा अर्थ आकड्यांत मांडतात. भावोजींनी मग तसा शोध घेतला, तेव्हा दोन्ही घरांनी पाणी भरावे असे ठरल्याचे पत्र वर आले. त्यात 'विहीर' नव्हतीच. मामंजींनी 'आड' लिहिले होते! बुजवण्याची गोष्ट तिथेच थांबली.

पण या अर्थाच्या शोधाला गट नंबर ४७ आणि ४८ जवळजवळ सारखेच वाटतात. म्हणून नंबर, तारखा आणि माणसांची नावे शोधताना भावोजी अजून जुन्या, अक्षरे जुळवणाऱ्या पद्धतीनेच शोधतात.