पावसाळे पाहिलेली फुलं

फूल वहीत दाबून वाळवणं शाळेतल्या मुलांनाही जमतं. खरं कौशल्य लागतं ते वाळलेलं फूल जपायला, त्यातून आपल्या हवेत. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, आणि ती 65-70 टक्क्यांपुढे बरेच दिवस राहिली की कागदाला बुरशी धरते. म्हणून फुलांच्या संग्रहाचा विचार पावसाळ्यापासूनच सुरू करायला हवा.

अशा हवेत फुलं जपणं अशक्य मुळीच नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात 1906 साली सुरू झालेलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आजही उभं आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तिथल्या वनस्पतींनी शंभराहून अधिक पावसाळे काढले. अशा संग्रहांची शिस्त घरातही पाळता येते.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे सुटा कागद. सोळाव्या शतकात इटलीच्या लुका गिनी यांनी वनस्पती दाबून कागदावर लावायची पद्धत रुजवली. पुढे बराच काळ असे कागद बांधून जाडजूड ग्रंथ केले जात. अठराव्या शतकात स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी ती प्रथा मोडली. एका कागदावर एकच वनस्पती लावायची आणि ते कागद कपाटात आडवे ठेवायचे. नवी वनस्पती मिळाली की तिच्या जागी सरकवायची, नाव बदललं की कागद उचलून दुसऱ्या कप्प्यात. याउलट एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीने लहानपणी एका बांधीव वहीत 424 फुलं-पानं लावली होती. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातली ती वही आता इतकी नाजूक झाली आहे की अभ्यासकांना तिच्या छायाचित्रांवरच भागवावं लागतं. बांधलेलं पान उलटताना वाकतं, पाकळी मात्र वाकत नाही, तुटते. त्यामुळे अल्बमचा मोह टाळावा, आणि चिकट पानांच्या फोटो-अल्बमचा तर नक्कीच. लॅमिनेशनमध्ये थोडा जरी ओलावा अडकला तरी फूल आतल्या आत काळं पडतं.

घरासाठी सगळ्यात सोयीची ती कागदाची पुडी. आयुर्वेदिक औषधाची असते तशी, फक्त चपटी आणि मोठी. वर्तमानपत्र फूल वाळवायला उत्तम, कारण ते पाणी शोषतं. पण साठवणुकीसाठी नको. त्यातल्या लाकडाच्या लगद्यामुळे काही वर्षांत कागद पिवळा पडतो आणि त्याचा डाग फुलावर उतरतो. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात आम्लमुक्त कागद मिळतो, तो थोडा महाग असला तरी घ्यावा. पुडीवरचा मजकूर फूल आत ठेवण्याआधी लिहावा, नाहीतर पेन्सिलच्या दाबाने पाकळ्या चुरतात. पेन्सिलच वापरावी, ती दमट हवेत पसरत नाही. फूल कुठलं, कधी वेचलं, कोणी दिलं, आणि ताजं असताना रंग कोणता होता, एवढं तरी लिहावंच. ताज्या फुलाचा रंग पुढे दुसरीकडे कुठेच सापडत नाही.

पारिजातकाचं फूल वाळवून पाहा. पांढऱ्या पाकळ्या तपकिरी होतात, देठ मात्र केशरीच राहतो. त्या देठात केशरात असतं त्याच जातीचं रंगद्रव्य असतं, ते चिवट. पिवळ्या-नारिंगी फुलांचे रंग एकूणच टिकतात. गोकर्णाचा निळा आणि जास्वंदीचा लाल ही वेगळ्या द्रव्यांची करामत. प्रकाश लागला की ते उडतात. म्हणून पुड्या अंधारातच हव्यात. जास्वंदीत चिकट रस असतो, तिची पाकळी कागदाला धरून बसते. ती वाळवतानाच दोन्हीकडून बटर पेपर घालावा.

रचना कशी करावी, हे संग्रह कशासाठी आहे त्यावर ठरतं. माझ्या मते आठवणींची आणि हस्तकलेची फुलं एकाच डब्यात ठेवणं चुकीचं. आजीच्या अंगणातली अबोली आणि शुभेच्छापत्रासाठी वाळवलेली बोगनवेल शेजारी ठेवली की घाईत भलतीच पुडी उघडली जाते. आठवणींची फुलं तारखेनुसार लावावीत, हस्तकलेची रंग आणि आकारानुसार. कुळांनुसार मांडणी वनस्पतिशास्त्राची आवड असेल तरच करावी. पुड्यांना क्रमांक देऊन एका वहीत यादी ठेवली की शोधाशोधीत फुलं हाताळली जात नाहीत.

डबा घट्ट झाकणाचा, आणि आत सिलिका जेलच्या पिशव्या. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते ओलं झाल्याचं लगेच कळतं. फूल पुरतं वाळल्याशिवाय मात्र अशा डब्यात घालू नये, कारण आतला ओलावा बाहेर जायला वाट उरत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे कीड. तंबाखूत होणारा बारीक तपकिरी भुंगेरा सोनकी, शेवंती, झेंडू अशा गेंददार फुलांवर तुटून पडतो. पूर्वी हर्बेरियममध्ये वनस्पतींना पाऱ्याचं विषारी क्षार-द्रावण लावत. घरात असल्या रसायनांचं नावही नको. वेखंडाची पुरचुंडी जरूर ठेवा, पण किडीने आत घातलेल्या अंड्यांचं तिने काही बिघडत नाही. त्यावर उपाय गोठवण्याचा. पुड्या हवाबंद प्लास्टिक पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार फुलांवर दव धरतं.

तपासणीला दिवाळीआधीच्या आवराआवरीचा मुहूर्त चांगला. तोवर ऑक्टोबरच्या उन्हाने हवा कोरडी झालेली असते. प्रत्येक पुडी पांढऱ्या कागदावर धरून हलकेच उघडावी. खाली बारीक भुकटी पडली तर ती पुडी, आणि तिच्या शेजारच्याही, त्याच दिवशी फ्रीजरमध्ये.