माउसचा नेम कसा साधतो? खेळामागचं गणित आणि सराव



आपल्या राहुरीत पूर्वी मुलांचा नेम दिसायचा तो गोट्यांत, नाहीतर गलोलीने चिंचा पाडताना. आता 'नेम' हा शब्द कॉम्प्युटरसमोरही ऐकू येतो. 'व्हॅलोरंट' हा खेळ रायट गेम्स कंपनीने २०२० मध्ये आणला. त्यात पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर असतात आणि बरंचसं यश माउसच्या नेमावर ठरतं. मूल खेळत असलं की आपण एकच विचारतो, "किती वेळ बसलास?" "आज काय सुधारलंस?" असं विचारायचं असेल, तर आधी आपल्याला तो नेम समजून घ्यावा लागेल.

फ्लिक म्हणजे काय?

पडद्याच्या मध्यभागी नेमाची खूण असते, तिला क्रॉसहेअर म्हणतात. बाजूला प्रतिस्पर्धी दिसला की एका झटक्यात ती खूण त्याच्यावर न्यायची, थांबवायची आणि क्लिक करायचं. हाच फ्लिक. दिसतो एक झटका, पण त्यात दोन हालचाली असतात. पहिली मोठी झेप आणि दुसरी बारीक दुरुस्ती. हाताच्या हालचालीचे हे दोन टप्पे मानसशास्त्रज्ञ वुडवर्थ यांनी १८९९ मध्येच मांडले होते. पुढे १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी नियम सांगितला की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त लागतो.

म्हणूनच चांगला खेळाडू झेपच लहान ठेवतो. प्रतिस्पर्धी जिथून येईल त्या कोपऱ्यावर, डोक्याच्या उंचीला, तो खूण आधीच धरून ठेवतो. निम्मा नेम इथेच साधतो.

यात गणित कुठे आहे?

माउस एक इंच सरकला की तो ठरावीक नोंदी पाठवतो, याला डीपीआय म्हणतात. समजा डीपीआय ८०० आहे आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी ०.४ आहे. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना एका नोंदीला ०.०७ अंश वळण मिळतं. मग आपल्याला मिळेल ०.०७ × ०.४ = ०.०२८ अंश. पूर्ण ३६० अंश वळायला ३६० ÷ ०.०२८, म्हणजे सुमारे १२,८५७ नोंदी लागतील. त्याला ८०० ने भागलं की आले सुमारे १६ इंच, म्हणजे जवळपास ४१ सेंटिमीटर.

सेन्सिटिव्हिटी दुप्पट केली तर हेच अंतर निम्मं होतं. आठवीतलं व्यस्त चलन ते हेच! आता बघा, जो मुलगा दर दोन दिवसांनी सेन्सिटिव्हिटी बदलतो, त्याच्या हाताला रोज नवं माप शिकावं लागतं. माप एकदा ठरवलं की काही आठवडे बदलायचं नाही.

सराव कसा करावा?

१. सुरुवात सावकाश. खूण लक्ष्यावर पोचली, थांबली, मगच क्लिक. वेग नंतर वाढवायचा.
२. चूक कुठल्या बाजूची ते बघायचं. खूण लक्ष्याच्या पुढे जाते की अलीकडे राहते? नेहमी पुढेच जात असेल तर झेप आखडती घ्यायची.
३. २० प्रयत्नांत किती नेम लागले ते वहीत लिहायचं.
४. रोज १५-२० मिनिटं पुरे. थकलेल्या हाताने सराव केला की चुकाच पक्क्या होतात. मनगट दुखलं तर तिथेच थांबायचं.

वर्गात करून बघा

शाळेच्या संगणक कक्षात पेंट उघडा. दहा मोठी आणि तितक्याच अंतरावर दहा लहान वर्तुळं काढून ठेवा. प्रत्येक वर्तुळात एकेक ठिपका द्यायला किती सेकंद लागले, ते मुलांना मोजू द्या. फिट्स यांचा नियम व्याख्यानाशिवाय समजेल, आणि आलेख काढायला स्वतःची आकडेवारीही मिळेल. बंदुकीच्या खेळाची गरजच नाही.

पालकांनी काय बघावं?

युरोपातल्या पेगी या वयमर्यादेनुसार व्हॅलोरंट १६ वर्षांवरील मुलांसाठी आहे. त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलाला "सराव आहे" म्हणून तो देऊ नये. मोठ्या मुलांच्या बाबतीतही झोप, अभ्यास आणि मैदान यांचा वेळ त्यात जाता कामा नये. खेळातल्या सजावटीवर पैसे खर्च होतात, तोही हिशेब विचारा.

आणि एक गोष्ट. खेळातला सराव आपोआप गणितात किंवा अक्षरात उतरत नाही. तो दुवा आपल्यालाच जोडून द्यावा लागतो. "खूण पुढे जाते हे तुला कळलं, तसं वजाबाकीत हातचा कुठे सुटतो ते शोधूया का?" असं विचारून बघा. आपली चूक स्वतः शोधायची सवय मुलाला लागली, तर ती खेळ सुटल्यावरही त्याच्याजवळ राहील.

मराठीत नेम म्हणजे निशाणा आणि नेम म्हणजे रोजचा नियमही. दुसरा पाळला की पहिला साधतो. वर्गातला प्रयोग करून बघा आणि काय आढळलं ते जरूर कळवा.